डीपीची सहल

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. चाकांवरचं घर, आत पलंग, दिवे, पंखा. वाटेत त्यातलं एखादं विजेचं उपकरण बिघडलं की पर्यटक हवालदिल होतात म्हणे. त्यांनी नांदेडजवळच्या अर्धापूरला यावं. इथे उपकरण आधी बिघडतं आणि मग रीतसर सहलीला निघतं.

शिवारातली डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळाली की शेतकरी उत्साहाने वर्गणी काढतात, ट्रॅक्टर ठरवतात, चेन-पुलीने तिला अलगद खाली उतरवतात. ट्रॉलीत केळीची वाळकी पानं अंथरलेली असतात. दोरखंडाने आवळलेली, तेल ठिबकत असलेली डीपी नांदेडच्या रस्त्याला लागते. दोघे जण तिला धरून बसतात, नवरीशेजारी पाठराखीण बसावी तसे. ग्रामीण भागात ती ४८ तासांत बदलून मिळावी, असा नियम आहे. पण सहलीला गेलेल्या पाहुण्याला घाई करणं बरं दिसत नाही.

शिवाय २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. डिझेल तेवढं ज्याचं त्याचं.

इकडे विहीर भरलेली आणि केळी माना टाकून उभी. त्यावर एक नम्र सूचना: दर वेळी डीपीनेच का दगदग करावी? बागच ट्रॉल्यांत भरून कॅराव्हॅन पार्कात न्यावी. तिथे पाणी आणि वीज या मूलभूत सुविधा धोरणातच आहेत. केळीने फक्त पर्यटक म्हणून नोंदणी करावी.