मशीन कपाटावर, आजार उशाशी

झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजाराच्या, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाच्या पेशंटवर आपल्याकडे एक शिक्का हमखास बसतो: ‘ऐकत नाही.’ हजारो रुपये मोजून, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी येतं, काही दिवसांत कपाटावर चढतं, आणि घरचे, डॉक्टर, विक्रेता सगळे मिळून पेशंटलाच बोल लावतात. हे बंद व्हायला हवं. मास्क सहन होत नाही, ही तक्रार आहे. तक्रारीचं कारण शोधायचं असतं.

तो मास्क जरा जवळून बघा. मिशी भरघोस असली की कडेने हवा निसटते आणि थेट डोळ्यांत जाते. पट्टा आवळला की नाकाच्या दांडीवर लाल वळ उठतो. झोपेत तोंड उघडलं की पहाटेपर्यंत घशाला कोरड. यातल्या प्रत्येक त्रासावर इलाज आहे: फक्त नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर, दाब आपोआप कमी-जास्त करणारं मशीन. नाक चोंदत असेल तर आधी ईएनटीला दाखवा. किती तास वापर झाला, हवा किती गळली, श्वास किती वेळा अडला, याची नोंद बहुतेक नव्या मशीनमध्ये रोज होते. ती उघडून बघायची तसदी कितीजण घेतात? मशीन विकलं की काम संपलं, असं मानणाऱ्यांनी पेशंटला हट्टी म्हणू नये.

एवढं करूनही जमलं नाही, तरी पर्याय संपत नाहीत. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर दंतवैद्य मापाचं उपकरण करून देतात. ते खालचा जबडा किंचित पुढे धरतं आणि जिभेमागची वाट मोकळी राहते. त्यासाठी दात धड हवेत, आणि ते लावून झोपेची तपासणी पुन्हा व्हायला हवी. काहींचा श्वास मुख्यतः उताणं झोपल्यावर अडतो. त्यांना कुशीवर झोपण्याचा फायदा होतो; गंजीच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालण्याची जुनी युक्ती त्यासाठीच. रात्रीची दारू मात्र सगळ्यांनीच सोडावी, तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

लठ्ठपणा असेल तर वजन उतरवणं हाही उपचारच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने वजन घटवणाऱ्या टिर्झेपटाइडला लठ्ठ प्रौढांच्या मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मंजुरी दिली. या आजारावरचं हे पहिलं मंजूर औषध. चाचण्यांत वर्षभराच्या उपचाराने श्वासातले तासाला सरासरी २५ ते २९ अडथळे कमी झाले. भारतात ते २०२५ पासून मधुमेह आणि वजनासाठी मिळतं, पण महाग आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. जिभेच्या नसेला झोपेत चेतना देणारं, छातीत बसवायचं यंत्र अमेरिकेत २०१४ मध्येच मंजूर झालं. टॉन्सिल, जबडा किंवा लठ्ठपणाची शस्त्रक्रिया निवडक पेशंटना उपयोगी पडते.

‘घोरणंच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं होतं. तासाला ३० किंवा जास्त अडथळे म्हणजे आजार तीव्र. अशा पेशंटने दुसरा उपाय लागू पडल्याची तपासणीत खात्री होईपर्यंत मशीन सोडू नये.

तुमचं मशीन कपाटावर असेल तर याच आठवड्यात खाली काढा आणि मास्कसकट डॉक्टरांकडे न्या. ‘झेपत नाही’ एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय टोचतं, कुठे हवा जाते, कधी जाग येते, ते सांगा. आणि ‘मग माझ्यासाठी दुसरा पर्याय कोणता?’ याचं उत्तर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.