एडिटरचं आडनाव

आमच्या धंद्यात नव्या माणसाला आडनाव विचारत नाहीत. 'कोड कशात लिहितोस?' एवढंच विचारतात. उत्तर आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'अच्छा, म्हणजे तुम्ही त्यातले' असा भाव उमटतो आणि पुढची बोलणी त्या हिशोबाने होतात. 'विम' म्हणणारा सोवळ्यातला. 'इंटेलिजे' म्हणणारा खात्यापित्या घरचा. 'व्हीएस कोड'वाले इतके झालेत की त्यांची कोणी चौकशीच करत नाही. आणि 'नोटपॅड प्लस प्लस' असं खरं खरं सांगून टाकणाऱ्याला चहा मिळतो, पण स्थळ म्हणून त्याचा विचार होत नाही.

ज्यांच्या घरात सुदैवाने कोणी प्रोग्रामर नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोड एडिटर म्हणजे प्रोग्राम टाइप करायची जागा. ती शब्दांना रंग देते, कंस जुळवून दाखवते आणि बाकीचं तुमच्यावर सोडते. आयडीईमध्ये त्या जागेबरोबरच कंपायलर, डीबगर, चुका काढणारा, चुका सुधारणारा आणि न विचारता सल्ला देणारा अशी सगळी मंडळी एकाच छताखाली नांदतात. यातलं चांगलं काय, यावर हिंजवडीच्या टपऱ्यांवर जेवढा चहा संपला असेल, तेवढा निवडणुकांवरही संपला नसेल.

ही भावकी जुनी आहे. सुरुवातीला युनिक्सवर केन थॉम्पसनचा 'एड' होता. तुमचं काही चुकलं की तो फक्त '?' दाखवायचा. काय चुकलं, कुठे चुकलं, ते तुमचं तुम्ही बघा. मग 1976 साली दोन शाखा फुटल्या. बर्कलीत बिल जॉयने 'व्हीआय' लिहिला आणि एमआयटीत रिचर्ड स्टॉलमनच्या हातून 'इमॅक्स' आकाराला आला. जॉयच्या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या, बाण एच, जे, के, एल या कळांवर छापलेले होते. म्हणून कर्सर हलवायचा तो त्या चार कळांनी. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं. आमच्या ऑफिसातला विमभक्त मात्र समोर चार धडधाकट बाण असताना त्यांना बोट लावत नाही. त्याला म्हटलं, "अरे, कंपनीने दिलेत ना, वापर की." तर म्हणाला, "मॅडम, हात उचलावा लागतो."

1991 साली ब्रॅम मोलेनारने या व्हीआयचा सुधारलेला अवतार म्हणजे विम प्रसिद्ध केला. नुसता विम उघडला की पहिल्याच पडद्यावर 'युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा' अशी विनंती दिसते. विमधून बाहेर कसं पडायचं हे ठाऊक नसल्यामुळे ती विनंती जगभर फार लक्षपूर्वक वाचली गेली आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर 'विममधून बाहेर कसं पडू?' हा प्रश्न 2017 पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा बघितला गेला होता. आत कसं जायचं, असं विचारणारा सहसा भेटत नाही. कारण आपण जातच नाही. लिहिलेल्या कोडची नोंद ठेवायला गिट कमिट करायला जावं आणि ते परस्पर आपल्याला विममध्ये नेऊन सोडतं.

इमॅक्सवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या एडिटरमध्ये टेट्रिस आहे, मेल वाचायची सोय आहे आणि मन मोकळं करायला एक डॉक्टरही आहे. त्याला काहीही सांगा, तो उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो. इमॅक्स शिकायला घेतलेल्या माणसाला त्याची गरज पडतेच. खुद्द स्टॉलमन झगा घालून, डोक्यामागे जुन्या डिस्कचं तेजोवलय लावून इमॅक्स पंथाचा संत म्हणून व्यासपीठावर यायचा. व्हीआयची मुक्त आवृत्ती वापरणं हे पाप नसून प्रायश्चित्त आहे, असा त्याचा निर्वाळा.

आपल्याकडच्या इंजिनियरिंग कॉलेजांत मात्र हा वाद पोचलाच नाही. तिथे टर्बो सी होतं आणि तेवढंच होतं. बोर्लंड कंपनीने 1983 साली टर्बो पास्कल 49.95 डॉलरला विकायला काढलं, तेव्हा एडिटर आणि कंपायलर एकाच पडद्यावर मिळणं ही चैन होती. 1987 साली टर्बो सी आलं. पुढे विंडोजची नवी मशिनं त्याला दारात उभं करेनात, तर आपण त्याला डॉसबॉक्सच्या आडोशाने आत आणलं, पण सोडलं नाही. तो निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं. वर 'कोनिओ डॉट एच' लिहायचं, मेनच्या आत पहिलं 'क्लिअर स्क्रीन', शेवटी 'गेटच'. गेटच विसरलं की उत्तर पडद्यावर येऊन डोळ्यांचं पातं लवायच्या आत गायब. मग आल्ट आणि एफ-5 दाबून त्याला परत बोलवायचं. एक्स्टर्नलने व्हायवात "गेटच का लिहिलं?" असं विचारलं की अख्खी बॅच एका सुरात सांगायची, "सर, आउटपुट थांबतं." आपण शिकतोय ते आयडीई आहे, हे कोणाच्या गावीही नव्हतं. भावकीत आपलं आडनाव आपल्या नकळत लागलं ते असं.

नोकरीत जावा आली आणि तिच्याबरोबर एक्लिप्स किंवा इंटेलिजे. सकाळी लॅपटॉप उघडून आयडीईवर टिचकी मारायची. खालच्या पट्टीत 'इंडेक्सिंग' असं लिहून येतं आणि एक बारीक निळी रेघ सरकू लागते. पंखा घरघरतो. आठ जीबी रॅम असली तर ब्राउझर आणि आयडीई यांतलं एकच कोणीतरी जगणार. पण इंडेक्सिंग एकदा संपलं की तो ऐषारामही मान्य करावा लागतो. एखाद्या फंक्शनचं नाव बदलायचंय? शिफ्ट आणि एफ-6. जिथे जिथे ते वापरलंय तिथे तिथे बदलतं, आणि दुसऱ्या कुठल्या फंक्शनचं नाव तेच असलं तरी त्याला धक्का लागत नाही. नुसत्या शोधा-बदलाने हे करायला गेलेल्या माणसाचा शुक्रवार शनिवारात जातो. एवढ्या सुखाची किंमत म्हणजे तो पिवळा दिवा. आपण ओळ पुरी करतोय न करतोय, तोच दिवा पेटतो: 'हे याहून थोडक्यात लिहिता आलं असतं.' सासूसुद्धा इतक्या लवकर बोलत नाही.

हा भार नको म्हणून लोक हलक्या एडिटरकडे वळतात. व्हीएस कोड 2015 साली आला. झटकन उघडतो, पैसे पडत नाहीत. गंमत म्हणजे त्याच्या कामाचं नेतृत्व केलं एरिक गॅमाने, ज्याने त्याआधी एक्लिप्समधली जावाची यंत्रणा उभारली होती. हलक्या एडिटरवर पहिल्या दिवशी एक थीम चढते. मग पायथनचं एक्सटेन्शन, जावाचा पॅक, गिटचा इतिहास दाखवणारं काहीतरी, कंसांचे रंग, फायलींची चित्रं. आमच्या टीममधल्या एकाच्या कोपऱ्यात एक मांजर फिरते. तेही एक्सटेन्शनच आहे. महिन्याभरात त्याचाही पंखा घरघरू लागतो, पण तो अभिमानाने सांगतो, "मी आयडीई वापरत नाही."

खरं तर 2016 साली हा तंटा मिटायला हवा होता. मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. भाषेची समज एडिटरच्या बाहेर, स्वतंत्र प्रोग्राममध्ये ठेवायची आणि ज्याला हवं त्याने तिला विचारायचं, अशी ती व्यवस्था. तेव्हापासून विमलाही चुका कळतात, इमॅक्सलाही शब्द पुरे करता येतात. इंटेलिजेत विमच्या कळा चालवणारं प्लगिन आहे आणि इमॅक्समध्ये व्हीआयसारखं वागायचं प्लगिन आहे, त्याचं नावच 'ईव्हिल'. इतक्या सोयरिकी जुळल्यावर कोणतीही भावकी गप्प बसली असती. आमची बसली नाही. कारण भांडण सोयीचं नव्हतंच. आधी बोटांना सवय लागते, कंपनी ज्याचे पैसे भरते ते पुढ्यात येतं, मशीनमध्ये रॅम असेल तेवढंच चालतं, आणि हे सगळं ठरून गेल्यावर आपण त्याला तत्त्वज्ञान जोडतो.

हल्ली तर 'कर्सर'सारखे व्हीएस कोडच्याच पोटातून निघालेले एडिटर स्वतःच कोड लिहितात आणि आपण 'अॅक्सेप्ट' दाबतो. तरी टपरीवर दोघं भांडतच होते, अॅक्सेप्ट कुठल्या एडिटरमध्ये दाबायला बरं वाटतं यावर.

नव्याने लागलेली पोरं विचारतात, "मॅडम, नक्की काय शिकू?" मी सांगते, कंपनी ज्याचं लायसन्स देईल ते वापरा, आणि व्हीआयमधून बाहेर पडायला शिका: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. रात्री दोन वाजता सर्व्हर बसतो, क्लायंट कॉलवर असतो, आणि त्या सर्व्हरवर ना इंटेलिजे असतं ना मांजर. तिथे व्हीआयच असतो. मग एरवी ज्याची चेष्टा चालते त्या विमभक्ताला झोपेतून उठवतात. तो एक ओळ बदलतो, सर्व्हर उठतो, सगळे त्याचे आभार मानतात. आभार जपून मानावेत एवढंच माझं सांगणं आहे, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी तो मीटिंग रूम बुक करतो आणि सगळ्या टीमला विम शिकवायचं निमंत्रण पाठवतो.