शिरेचा सातबारा

हिंगोली जिल्ह्यातला माणूस काट्याला भीत नाही. बाभळीचा काटा टाचेत मोडला तर तो बांधावर बसतो, करदोड्याला लटकवलेला चिमटा काढतो, चिमट्याने जमले नाही तर बायकोच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागतो आणि टाच कोरता कोरता शेजाऱ्याशी सोयाबीनच्या भावावर बोलत राहतो. याच माणसाला तालुक्याला नेऊन पंख्याखाली खुर्चीवर बसवा आणि पाऊण मिलिमीटर जाडीची, पाकीट फोडून काढलेली नवी कोरी सुई दाखवा. चेहरा वसमतच्या हळदीसारखा पिवळा पडतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; या पिवळेपणासाठी अजून कोणी अर्ज केलेला नाही.

सुया दोन जातीच्या असतात, देणारी आणि घेणारी. देणाऱ्या सुईला आपल्याकडे मोठा मान. डॉक्टरने नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर पेशंट जागचा हलत नाही; "सुई नाही मारली?" म्हणून पुन्हा बसतो. सलाईन लागले तर चार पाहुणे बघून जातात. घेणाऱ्या सुईचे तसे नाही. ती आली की "एवढं रगत काढल्यावर भरून कसं यायचं?" हा सवाल उठतो, आणि तोही रक्त काढायच्या आधीच.

प्रस्तुत लेखक घेणाऱ्या सुईचा जुना थकबाकीदार असल्यामुळे खालील मार्गदर्शिका पूर्ण अधिकाराने लिहिली आहे. जमिनीची नोंद तलाठी ठेवतो. शिरेची नोंद कोणतेच खाते ठेवत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळे होऊन आपण जिल्हा झालो, तेव्हाही हा विषय कोणाच्या लक्षात आला नाही. सबब प्रत्येक खातेदाराने आपला सातबारा आपणच तयार करावा.

नियम १ : भोगवटादाराने आपला वर्ग ठरवावा

वर्ग १ म्हणजे नुसता घाबरणारा. याला घाम फुटतो, छाती धडधडते, जीभ सुकते, पण हा पडत नाही. वर्ग २ म्हणजे पडणारा. याचा रक्तदाब आधी जरा चढतो आणि मग धाडकन खाली येतो, नाडी मंदावते, डोळ्यांपुढे काजवे येतात आणि पुढचे त्याला दुसऱ्यांकडून कळते. वर्ग २ च्या जमिनीचा व्यवहार जसा परवानगीशिवाय होत नाही, तसे वर्ग २ च्या माणसाचे रक्त त्याला आडवे केल्याशिवाय काढू नये.

शीर न सापडणे हा वर्ग नव्हे, ती जमिनीची जात आहे. नांगर धरलेल्या हातावर शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या असतात. कचेरीत बसून गुबगुबीत झालेल्या हाताची शीर चार हात खोल विहिरीच्या पाण्यासारखी. असते, पण वरून दिसत नाही.

नियम २ : उपाशी आणि उपवास यांत गल्लत करू नये

"सकाळी उपाशीपोटी या" असे सांगितल्यावर आपल्याकडे तीन प्रकारची माणसे येतात. पहिला खरोखर उपाशी येतो. दुसरा साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दोन केळी खाऊन येतो, आणि वर शपथेवर सांगतो की अन्नाचा कण घेतलेला नाही. त्याची साखर मोजणाऱ्याला एकादशी अन् दुप्पट खाशी या म्हणीचा अर्थ आकड्यात दिसतो.

तिसरा सर्वांत धार्मिक. हा निर्जळी करून येतो. रात्री आठपासून पाण्याचा थेंब नाही, त्यात सेनगावाहून एसटीत उभे राहून प्रवास, त्यात एप्रिल. अंगातले पाणी कमी झाले की शिरा मऊ आणि चपट्या पडतात; सुईला लागत नाहीत, लागल्या तरी रक्त नीट देत नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर साधे पाणी प्यावे. चहा नको, सरबत नको, "नुसतं गुळाचं" तर अजिबात नको. आदल्या संध्याकाळी दोन तांबे, सकाळी निघताना एक. कोरडवाहू शेतात पीक मागू नये.

थंडीत हात गार असेल तर शीर आणखी आत जाते. अशा वेळी शालीखाली हात गुंडाळून बसावे आणि तो मांडीवर घेण्याऐवजी खाली सोडावा. पाणी उताराकडे वाहते, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

नियम ३ : मोजणी डोळ्याने नव्हे, बोटाने करावी

कोपराच्या खोबणीत साधारण तीन शिरा हाताशी येतात. मधली सर्वांत भरवशाची, अंगठ्याच्या बाजूची दुसरी, आणि करंगळीच्या बाजूची तिसरी. तिसऱ्या शिरेच्या जवळून धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून जाणकार तिच्याकडे शेवटी वळतो. दंडावर रबर बांधतात ते खोबणीच्या चार बोटे वर आणि फार तर मिनिटभर. जास्त वेळ आवळले, किंवा खातेदाराने उत्साहाने मूठ उघडझाप-उघडझाप केली, तर तपासणीत पोटॅशियम उगाच वाढलेले दिसू शकते. मूठ एकदा आवळावी आणि गप्प धरावी.

औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा होते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रोटॉनच्या रुंदीपेक्षा हजारो पटींनी सूक्ष्म हालचाल तिथे मोजली जाणार आहे. मोठ्या दवाखान्यांत अवरक्त प्रकाशाने शीर दाखवणारी यंत्रेही असतात. पण याच जिल्ह्यात साध्या बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या हातातली शीर आजही तर्जनीने शोधतात, आणि तर्जनी बहुधा जिंकते. शीर दाबली की रबरासारखी उसळते. स्नायूची दोरी टणक लागते. जी आपणहून ठोके देते ती धमनी. तिच्या वाटेला जायचे नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवे गोंदण, तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. रक्त काढणारा मुलगा नवीन. तो त्या हिरव्या रानात निळी रेघ हुडकत होता. आजींनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बघून काय दिसतंय, लेकरा? चाचपून बघ." मुलाने नजर छताकडे लावली आणि बोट फिरवले. तुळशीच्या बुंध्याशी त्याचे बोट थांबले. एका टोचेत काम झाले.

नियम ४ : शीर फिरली तर देवळाची आठवण ठेवावी

औंढा नागनाथाची कथा आपल्याला पाठ आहे. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले. नंदी मात्र जागच्या जागी राहिला. तो आजही मागच्या बाजूला आहे.

काहींची शीर अशीच भाविक असते. सुई जवळ आली की ती तोंड फिरवते आणि सुई नंदीसारखी मागे राहते. वयस्कर माणसांत हे फार, कारण कातडी सैल झालेली असते. उपाय दोघांनी मिळून करायचा आहे. काढणाऱ्याने खालच्या बाजूने अंगठ्याने कातडी ताणून शीर धरून ठेवावी. खातेदाराने कोपर सरळ ठेवावे आणि ऐन वेळी हात मागे ओढू नये. आपण हात ओढतो, शीर निसटते, आणि घरी येऊन सांगतो, "त्याला काही येतच नव्हतं."

दोन टोचांत जमले नाही तर "दुसऱ्या कोणाला बोलवता का?" असे विचारायला हरकत नाही. हा अपमान नव्हे, चांगल्या ठिकाणी तसा रिवाजच असतो. सुईच्या क्रमांकाचे गणित उलटे आहे हेही लक्षात ठेवावे. एकवीसपेक्षा तेवीस नंबरची बारीक. बारीक शिरेला पंख लावलेली छोटी सुई मिळते. तिला फुलपाखरूच म्हणतात. मागावी. नावाने तरी धीर येतो.

नियम ५ : बोजा लपवू नये

आता लेखकाचा स्वतःचा व्यवहार. एका प्रयोगशाळेत मी छाती पुढे काढून बसलो होतो. रांगेत ओळखीचे चार लोक होते, म्हणून "मला चक्कर येते" हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. उलट सुई लागताना मी हळदीच्या भावावर बोलत होतो. क्विंटलचा आकडा सांगायच्या आधीच मी फरशीवर होतो. शुद्धीवर आलो तेव्हा माझे पाय कोणीतरी खुर्चीवर ठेवले होते आणि भावाची चर्चा माझ्याशिवाय पुढे गेली होती.

इथे शास्त्र काय सांगते ते नीट ऐकावे, कारण ते आपल्या समजुतीच्या उलट आहे. सगळे म्हणतात, "अंग सैल सोड." वर्ग १ ने सोडावे, संथ श्वास घ्यावा, तोंड फिरवावे. वर्ग २ ने नेमके तेच करू नये. त्याचा रक्तदाब आधीच घसरायच्या बेतात असतो. सैल सोडले तर आणखी घसरेल. लार्स-योरान ऑस्ट आणि उल्फ स्टर्नर या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये यावरची तालीम मांडली. फडात उतरण्याआधीच्या पैलवानासारख्या मांड्या, पोट आणि हात आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंद. मग वीस-तीस सेकंद पूर्ववत बसायचे, पण पार ढिले पडायचे नाही. असे पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करावा, आणि प्रत्यक्ष वेळी ज्या हातातून रक्त काढायचे तो हात तेवढा मोकळा ठेवावा. हृदयाचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

भीतीचा आणखी एक कावा आहे. घाबरल्यावर शिरा आकसतात. आकसलेली शीर सापडत नाही, म्हणून दुसरी टोच बसते, आणि दुसऱ्या टोचेने पुढच्या वेळची भीती दुप्पट होते. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र वाढते, आणि ते तोडायचा स्वस्त उपाय म्हणजे बसण्याआधी ते तीन शब्द बोलून टाकणे.

मला वाटायचे, जुनी माणसे अशी नव्हती. मी त्या आजींना म्हणालो, "एवढं गोंदून घेतलंत, तुम्हाला कसली सुईची भीती?" आजी कापूस दाबत हसल्या. "गोंदायला बसले तवा चौघींनी धरलं व्हतं मला. दोघी पायावर बसल्या व्हत्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कोणी धरायला आलंय का?"

कोणी आले नव्हते. माझा नंबर आला तेव्हा मी ते तीन शब्द बोललो. त्या मुलाने मान वर न करता पडद्यामागच्या पलंगाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "तिकडं आडवे व्हा, काका." एवढ्यावर भागले. रांगेतला एकजण माझ्या मागोमाग पडद्याआड आला आणि हळूच म्हणाला, "माझंबी तिथंच घ्यायला सांग."

नियम ६ : नेलेल्या मालाचा हिशोब समजून घ्यावा

जांभळ्या टोपणाची नळी रक्तपेशी मोजायला, करडी साखरेसाठी, निळी रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी, लाल किंवा पिवळी बाकीच्या बऱ्याच गोष्टींसाठी. तीन नळ्या म्हणजे साधारण दोन चमचे. धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि रक्तदान करणारा एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर देऊन बिस्कीट खात घरी जातो. दोन चमच्यांसाठी आठवडाभर डाळिंबे खाण्याचा हक्क खातेदाराला आहे, पण त्यासाठी वैद्यकीय कारण दाखवू नये.

नियम ७ : कापूस लावल्यावर कोपर दुमडू नये

सगळेच दुमडतात, आणि म्हणून काळे-निळे पडते. हात सरळ ठेवून कापूस तीन-चार मिनिटे दाबून धरावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याहून जास्त वेळ. चोळू नये. हळद लावू नये. जिल्हा हळदीचा असला तरी. त्या हाताने लगेच पिशव्या उचलू नयेत, आणि वर्ग २ च्या भोगवटादाराने किमान दहा मिनिटे मोटारसायकलला किक मारू नये.

शेवटी घरी येऊन औषधांच्या फाईलच्या पहिल्या पानावर नोंद करावी, म्हणजे पुढच्या वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून मोजणी करावी लागणार नाही. नमुन्यासाठी माझा उतारा:

गट क्रमांक : डावा हात, मधली शीर, खोबणीच्या किंचित बाहेरच्या अंगाला.
भोगवटादार वर्ग : २.
पोटखराब : उजवा हात, दोनदा टोचून काही निघाले नाही.
जलसिंचनाचे साधन : तांब्या, सकाळी एक.
अवजार : फुलपाखरू, तेवीस नंबर.
पीक : दोन नळ्या, एका टोचेत.
इतर अधिकार : भोवळीचा बोजा. बोजा कायम आहे. व्यवहार अडला नाही.