परग्रहावरचं स्थळ
‘पीके’ पाहून आता कैक वर्षं झाली, पण त्यातल्या प्रेमप्रकरणाबद्दलची माझी तक्रार काही मिटत नाही. सिनेमा डिसेंबर 2014 मधला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत आमच्या साकीनाक्याच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली होती. आकाशातून काहीही येऊ शकतं यावर तेव्हा आमचा विश्वास बसत चालला होता. आणि आला कोण, तर कान पुढे आलेला आमिर खान! तो एका बाईचा हात सहा तास धरून बसतो आणि भोजपुरी शिकतो. झालं, परकेपणा संपला. पुढे त्याचं जग्गू नावाच्या मुलीवर प्रेम बसतं, तो ते बोलत नाही, आणि जाताना तिच्या आवाजाच्या कॅसेटी बॅगांत भरून नेतो. विचारलं तर सांगतो, पृथ्वीवरचे आवाज आहेत. एवढा भाग छानच. पण जग्गू आधीपासून पाकिस्तानी सरफराजची. म्हणजे आंतरग्रहीय प्रेम शेवटी भारत-पाकिस्तानच्या जोडीपुढे हरलं.

हरल्याचं दुःख नाही हो. त्याची चौकशी कोणी केली नाही, हे दुःख आहे. तिकडे लग्नं करतात का? मुलगी तिकडे गेली तर खाणार काय, श्वास कशात घेणार? माहेरी कितीदा यायला मिळणार? आमच्याकडे डोंबिवलीच्या मुलाचीही याहून जास्त माहिती काढतात.

तो राजस्थानात उतरला तिथेच चुकलं. साकीनाक्याला उतरता, तर मुळात कोणी मान वर करून पाहिलं नसतं. विमानं इथे रोजच इतकी खालून जातात. त्याचा यान बोलवायचा रिमोट चोरीला गेला म्हणून पुढचं सगळं रामायण. खैरानी रोडच्या गाळ्यातल्या एखाद्या कारागिराकडे जाता, त्याने वर्णन ऐकून ‘परवा या’ म्हटलं असतं, आणि परवा ‘ओरिजनलपेक्षा जास्त टिकेल’ असं सांगत दुसरा हातात ठेवला असता. जग्गूची भेटच झाली नसती. झालीच असती तर भाड्याची खोली पाहताना एजंटसमोर: बॅचलर का? नॉनव्हेज खाता का? गाव कुठलं? खरी प्रेमकथा या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी होती.

गाव वेगळं असलं की काय होतं, हे आपल्या पूर्वजांना कळत होतं. पुरूरवा माणूस, उर्वशी स्वर्गातली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दोघांचं भांडण अजून चालू आहे. ब्राह्मणग्रंथात तिच्या अटीही दिल्यात. त्यातली एक अशी, की नवरा तिला विवस्त्र दिसता कामा नये. तिचे लाडके मेंढे पलंगाला बांधलेले असत. गंधर्वांनी रात्री ते पळवले, हा तसाच उठून धावला, नेमकी वीज चमकली, आणि संसार संपला. दहा बाय बाराच्या खोलीत ही अट पहिल्याच रात्री मोडली असती, मेंढ्यांबद्दल सोसायटीची नोटीस आली असती ती वेगळीच. पण पाहा, पीकेची गोष्ट जिथे सुरू होते, म्हणजे अंगावर कपडे नसताना, तिथे पुरूरव्याची संपते. आणि संपते ती एकाचं जग दुसऱ्याला झेपलं नाही म्हणून. मधे कोणी सरफराज लागत नाही.

खऱ्या आयुष्यात माणसाने परग्रहाकडे स्थळ म्हणून पाहिलं ते 1977 साली. व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. मैफल संपवायचा राग आपण ओळख करून देतानाच गाऊन बसलो! अ‍ॅन ड्रुयन या बाईंच्या मेंदूतल्या लहरीही तीत नोंदवल्यात, आणि त्या नोंदवताना बाई आपल्या प्रेमाचा विचार करत होत्या. प्रेम कोणावर? कार्ल सेगनवर. दोघांचं लग्न नुकतंच ठरलं होतं. म्हणजे इथेही पाहुण्याच्या वाट्याला आली ती दुसऱ्याच्या प्रेमात पडलेली बाई. पीकेच्या कॅसेटीच पुन्हा, यावेळी सरकारी खर्चाने.

याच तबकडीवर 55 भाषांत नमस्कार-चमत्कार आहेत. मराठीत आपण शुभेच्छा देऊन मोकळे झालोत. गुजरातीत मात्र स्पष्ट सांगितलंय, की कृपया संपर्क करा. शेजारच्या गुजराती भाभींना हे सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. जवळात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं लांब, आणि व्हॉयेजर-1 कुठल्याशा ताऱ्याच्या आसपास पोचायला अजून 40,000 वर्षं लागतील, याचंही नाही. जुड्या संपेपर्यंत एवढंच विचारलं, ‘‘पत्ता बरोबर घातलाय ना?’’

म्हटलं, तबकडीच्या कव्हरवर 14 पल्सार ताऱ्यांवरून सूर्याचं ठिकाण काढून दाखवलंय.

‘‘असं नाही चालत, भाऊ,’’ भाभी म्हणाल्या. ‘‘नीट लँडमार्क द्यायचा. आपला कुरिअरवाला अजून सफेद पुलावरून परत जातो.’’