एका रात्रीचे तज्ज्ञ

लॉन बोल्स म्हणजे निवृत्त साहेबांचा पांढऱ्या कपड्यांतला विरंगुळा, ही समजूत आपल्या वाहिन्यांनी 2 ऑगस्ट 2022 रोजी एका रात्रीत मोडीत काढली. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्ण जिंकलं. सकाळपर्यंत ज्यांना जॅक (लक्ष्याचा छोटा गोळा) कुठला हे ठाऊक नव्हतं, ते संध्याकाळी चेंडूच्या वळणावर तावातावाने बोलू लागले. (हा चेंडू घडवतानाच एका अंगाला झुकता ठेवतात, चर्चेतल्या मंडळींचंही तेच.) आठवड्याभरात सगळे पुन्हा क्रिकेटच्या दावणीला.

2026च्या ग्लासगो स्पर्धेतून हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन आणि क्रिकेटही वगळलं. बोल्स मात्र आहे. संपादकहो, निदान नियम तरी आधी वाचून ठेवा.