बाळाला डोस, घराला उतार

घरातल्या दीड वर्षाच्या बाळाला सर्दी झाली की आजारी फक्त बाळ पडतं, हा वैद्यकशास्त्राचा भाबडा समज आहे. नाक बाळाचं वाहतं. पण रजा आईची जाते, झोप बाबांची मोडते, ‘आमच्या वेळी एका इंजेक्शनात मोकळं व्हायचं’ असं आजी ऐकवते आणि पाळणाघरातून ‘बरं झाल्यावरच आणा’ असा निरोप येतो. इतक्या रुग्णांना एकाच बाटलीत बरं करायचं, तर औषध जालीमच हवं. मग तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक येतं. बाटलीतल्या भुकटीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, खळखळून हलवायचं, बाळाचे हात धरून गालाच्या आत सोडायचं आणि झबल्यावर सांडलेलं पुसायचं. एवढं झालं की सगळ्या घराला उतार पडतो. राहतं ते बाळ, कारण सर्दी-पडसं जवळपास नेहमीच विषाणूंमुळे होतं आणि हे औषध मारतं जिवाणूंना.

तरीही त्याची ख्याती अबाधित आहे, कारण त्याचं वेळापत्रक उत्तम आहे. सर्दी दोन-तीन दिवसांत कळस गाठते आणि मग आपली आपण ओसरू लागते. आपण दवाखान्यात पोचतो तेही नेमके कळसाच्याच दिवशी. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे आपल्याला पाठ आहे. इथे मात्र तांबडं फुटल्याचं सगळं श्रेय कोंबड्याला जातं आणि डॉक्टरांच्या हातगुणाची कीर्ती सोसायटीभर होते.

या समारंभाचा खर्च पडतो बाळाच्या आतड्यावर. पहिल्या दोन-तीन वर्षांत तिथे जिवाणूंची वस्ती बसत असते. आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बायफिडो जातीच्या जिवाणूंचं अन्न असतात. म्हणजे निसर्गाने या भाडेकरूंच्या जेवणाचीही सोय केली आहे आणि आपण त्यांच्यावर बुलडोझर पाठवतो. फिनलंडमधल्या 142 मुलांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. ॲझिथ्रोमायसिनच्या कुळातली औषधं घेतलेल्या मुलांच्या आतड्यातली जिवाणूसृष्टी दीर्घकाळ बदललेली आढळली आणि दम्याशी व वाढत्या वजनाशीही त्याचा संबंध दिसला. पेनिसिलिन गटाचा ठसा त्या मानाने फिका होता. आपल्याकडे ॲझिथ्रोमायसिनचं कौतुक अशासाठी की ते दिवसातून एकदाच आणि तीनच दिवस द्यावं लागतं. सोय कोणाची, हे पुन्हा सांगायला नको.

इथे व्हॉट्सॲप विद्यापीठाचे कुलगुरू उभे राहतात आणि अँटिबायोटिकने मूल स्वमग्न होतं असं जाहीर करतात. त्यांनाही आवरायला हवं. आतड्याचा मेंदूशी संवाद असतो हे खरं; जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांची तणावाला प्रतिक्रिया तीव्र असते, हे जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. पण उंदरापासून उमेशपर्यंत उडी मारण्यापूर्वी नेदरलँड्स आणि स्वीडनमधल्या जुळ्यांकडे पाहावं. लहानपणीची अँटिबायोटिक्स आणि स्वमग्नता किंवा अतिचंचलता यांच्यातला जो संबंध वरवर दिसतो, तो घरची परिस्थिती आणि आनुवंशिकता यांतून आलेला असू शकतो, असा त्या अभ्यासाचा 2021 मधला निष्कर्ष आहे. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाला औषधंही वारंवार मिळतात. दोष कुणाचा हे नुसत्या बेरजेतून ठरत नाही. मेंदूची भीती घालून आतडं वाचवायचं कारण नाही. निरुपयोगी औषध देऊ नये, याला ते निरुपयोगी आहे एवढं कारण पुरे.

‘आणि न्यूमोनिया असला तर?’ हा प्रश्न रास्त आहे. न्यूमोनियात आणि नवजात बाळाच्या रक्तातल्या संसर्गात हीच औषधं जीव वाचवतात. तिथे टाळाटाळ करणारा शहाणा नव्हे. पण त्यासाठी बाळाकडे पाहावं लागतं. शांत बाळाचे श्वास मिनिटभर मोजायचे: दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50 आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ दूधच घेईना, तर तडक दवाखाना. अर्थात त्या मिनिटभरात मोबाइल घड्याळापुरताच वापरायचा, ही अट जाचक आहे.

‘वरून दही देऊ, म्हणजे भरपाई होईल’ हा दुसरा युक्तिवाद. दही जरूर द्यावं, जेवण म्हणून. इस्रायलमध्ये 2018 साली प्रौढांवर झालेल्या छोट्या प्रयोगात अँटिबायोटिकनंतर घेतलेल्या प्रोबायोटिकने मूळ वस्ती परतायला उलट उशीरच झाला. राहिला कायदा. सेफिक्झिमसारखी औषधं 2014 पासून एच-वन यादीत आहेत. मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद करायची असते. पण चिठ्ठी लिहून घेणारे आपणच असलो, तर वही काय करणार? ‘काही नको, दोन दिवस वाट पाहा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना आपण फी कुरकुरत देतो आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना बदलतो. डॉक्टरांनाही घर चालवायचं असतं. ते लिहून देतात. म्हणून सुधारणेची सुरुवात गल्ल्यापासून करावी: औषध न लिहिणाऱ्या डॉक्टरांना पूर्ण फी, वर हसून नमस्कार, आणि आजीसाठी वेगळी चिठ्ठी. तीत लिहावं, ‘बाळाला आराम आहे, घरच्यांनी धीर दिवसातून तीनदा घ्यावा.’