पंचेचाळीस पूर्ण

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला आपण कुठल्या वर्गात मोडतो हे कुणी सांगावं लागत नाही. तो पूर्वेचा की पश्चिमेचा, फास्टचा की स्लोचा, फर्स्ट क्लासचा पासवाला की सेकंडचा, डोंबिवली लोकलमध्ये खिडकी पकडणारा की कल्याणहून भरून आलेल्या गाडीत स्वतःला कोंबणारा, हे त्याच्या जिना उतरण्यावरूनच कळतं. म्हणून या वयात मी पिस्तूल नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं तेव्हा पहिला प्रश्न तोच केला: इथं मी कुठल्या वर्गात?

आमचे कोच माझ्या पुतण्याच्या वयाचे. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. त्यांनी जन्मतारीख विचारली, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, "काका, तुम्ही मास्टर."

मी तोवर पिस्तुलाला हातही लावला नव्हता.

राष्ट्रीय रायफल संघटनेचा नियम असा की पंचेचाळीस पूर्ण झाली की माणूस मास्टर गटात, आणि साठी ओलांडली की सीनियर मास्टर. परीक्षा नाही, तोंडी नाही, शिफारसपत्र नाही. पंचेचाळीस वर्षं टिकून राहिलात, एवढं पुरे. घरी येऊन ही बातमी सांगितली. बायको म्हणाली, "म्हणजे म्हातारे." खेळातली परिभाषा घरी सांगू नये हे तेव्हा ठरवलं.

अमेरिकेत हीच पायरी गाठायची तर माणसाचा घाम निघतो. तिथल्या प्रॅक्टिकल शूटिंगच्या संघटनेत ठरावीक कसोट्या असतात. कुठल्याही क्लबात तीच मांडणी, तीच अंतरं, आणि सर्वोत्तम नेमबाजाच्या तुलनेत तुम्हाला किती टक्के पडले ते बघायचं. चाळीसच्या खाली 'डी', चाळीसला 'सी', साठला 'बी', पंचाहत्तरला 'ए', पंच्याऐंशीला मास्टर आणि पंच्याण्णवला ग्रँडमास्टर. शेवटच्या आठ कसोट्यांतल्या सर्वोत्तम सहांची सरासरी धरतात. एकदा वर चढलं की सहसा खाली उतरवत नाहीत. या व्यवस्थेतून दोन प्रकारचे लोक निपजले. एक मुद्दाम वाईट मारून खालच्या वर्गात मुक्काम ठोकणारे, कारण तिथं बक्षीस सोपं. दुसरे फक्त त्या कसोट्या घोकून ग्रँडमास्टर झालेले. खऱ्या सामन्यात त्यांचा पार धुव्वा उडतो. त्यांना तिकडे कागदी ग्रँडमास्टर म्हणतात. क्लासेसच्या पाट्या वाचत वाढलेल्या डोंबिवलीकराला हा दुसरा प्रकार समजावून सांगायला नको.

आमच्याकडे मात्र अशी लबाडी करायला वावच नाही. करायचीच तर थेट जन्मदाखल्यात करावी लागेल. उलट इथं वेगळीच अडचण. आमच्या क्लबात स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक बँकवाले काका आहेत. वय तेव्हा एकोणसाठ. मास्टर गटात सगळ्यांत वडीलधारे तेच, आणि पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांची ताजी पोरं येऊन त्यांना दर स्पर्धेत मागं टाकत. साठाव्या वाढदिवसाची इतक्या आतुरतेनं वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पेन्शनसाठी नव्हे, गट बदलण्यासाठी. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्यांनी त्या तारखेभोवती लाल गोल काढला होता.

वयाचा जिना झाला. गुणांचा जिना वेगळा, तो मात्र खरोखर चढावा लागतो. आधी राज्य स्पर्धा. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज किंवा पुण्याचं बालेवाडी. म्हणजे आम्हाला एकतर दादरपर्यंत उभं राहून जायचं, नाहीतर कल्याणहून पुण्याची गाडी. तिथं ठरलेले गुण पडले की जी. व्ही. मावळंकर स्पर्धा, आणि मग राष्ट्रीय. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. ज्या माणसानं आयुष्यभर सभागृहात शांतता राखा म्हणून सांगितलं त्यानं बंदुकवाल्यांची संघटना काढली, यात मला विसंगती दिसत नाही. नेमबाजीच्या रेंजवर जितकी शांतता असते तितकी लोकसभेत मी कधी पाहिलेली नाही.

याच जिन्यावर वरती 'रिनाउन्ड शॉट' नावाची पायरी आहे. म्हणजे ठरावीक गुण मिळाले की तुम्ही नामांकित असल्याचं प्रमाणपत्र मिळतं. नामांकित होण्यासाठी लोक पुस्तकं लिहितात, नाटकं करतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. इथं ते कागदावर मिळतं, आणि त्याला कायद्यात किंमत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. पण फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं एका प्रकारात नामांकित असलेल्या नेमबाजाला सूट म्हणून ८ आणि दोनांपेक्षा जास्त प्रकारांत नामांकित असलेल्याला १२ पर्यंत शस्त्रं ठेवायची मुभा दिली. हे वाचल्यावर मी घरातल्या माळ्याकडे पाहिलं. तिथं गणपतीचं मखर, मुलाची पाचवीपासूनची वह्या-पुस्तकं आणि बंद पडलेला मिक्सर आहे. वन बीएचकेत राहणाऱ्यानं नामांकित होण्याच्या फंदात पडू नये.

मी दहा मीटर एअर पिस्तूलवाला. ४.५ मिलिमीटरची नळी आणि वीस ज्यूलच्या आतला जोर, म्हणून परवाना लागत नाही. साठ छर्रे, पंच्याहत्तर मिनिटं, सहाशेपैकी गुण. पिस्तूल एका हातात. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. विश्वास बसत नसेल तर पट्टी काढून बघा आणि मग तो कागद दहा मीटरवर चिकटवा. कोरियाच्या जिन जोंग-ओनं २००९ साली यात सहाशेपैकी ५९४ मारले होते. आमच्या क्लबात हा आकडा मोठ्यानं उच्चारत नाहीत.

सुधारणा कशी होते? सर म्हणतात, टार्गेटकडे बघू नका. हे ऐकून मी फी परत मागणार होतो. पण खरंच तसं आहे. नळीच्या टोकाची फ्रंट साइट स्वच्छ दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. आता पंचेचाळिशीच्या डोळ्यांची गंमत अशी की त्यांना टार्गेट स्वच्छ दिसतं आणि फ्रंट साइट धूसर. म्हणजे निसर्गानं मास्टर गटाला नियमाच्या बरोबर उलट बनवलंय. ठाण्याला गोखले रोडवर एका चष्मेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "लांबचा की जवळचा?" मी हात सरळ पुढं ताणला, मुठीच्या पुढं वीतभर जागा दाखवली आणि म्हटलं, "इथला." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे, आणि आतून मालकांना बोलावलं. मालकांनी शांतपणे अर्ध्या नंबरनं भिंग वाढवून दिलं. नेमबाजांची त्यांना सवय असावी, किंवा वेड्यांची.

दुसरा उपाय ड्राय फायरिंग. छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून नुसता चाप दाबायचा. फ्रंट साइट हलली की समजायचं, चाप दाबला नाही, ओढला. चाप अर्ध्या किलोच्या आत सुटता कामा नये असा नियम, त्यामुळे बोटाला चोरी करता येत नाही. सर म्हणतात, खरी सुधारणा रेंजवर नाही, घरीच होते. पण घरी कोरी भिंत आणायची कुठून? एका भिंतीवर टीव्ही, दुसऱ्यावर देव, तिसऱ्यावर किल्ल्यांचा हूक, कालनिर्णय आणि आजोबांचा फोटो. आजोबांवर नेम धरणं आमच्यात बसत नाही. शेवटी गॅलरीच्या दाराशेजारी हातभर जागा सापडली. तिथं मी रोज संध्याकाळी पुतळ्यासारखा हात लांब करून उभा राहू लागलो. समोरच्या विंगमधून हे सगळं दिसतं, हे सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर फोटो आल्यावर कळलं. सेक्रेटरी वर आले. पिस्तूल बघितलं, नियम ऐकले, चहा घेतला आणि जाता जाता दारात कुजबुजले, "पार्किंगच्या मीटिंगला घेऊन या एकदा."

लोकलमध्ये पिस्तुलाची पेटी नेण्याचा मात्र त्रास नाही. पेटीत काय आहे यापेक्षा ती कुणाच्या पायावर आहे याचीच गाडीला चिंता. नेमबाज तसे रेल्वेच्या नोकरीतही असतात. २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलच्या थ्री पोझिशन्समध्ये स्वप्नील कुसळेला कांस्यपदक मिळालं. हा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा मुलगा तेव्हा आपल्या मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता हे कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीच्या पुलावर टीसीनं न मागता पास दाखवला. त्याला संशय आला. त्यानं तारीख दोनदा तपासली.

आता काडतुसं भरण्याचा विषय, कारण डोंबिवलीचा माणूस एकदा वापरलेली वस्तू टाकू शकत नाही. आमच्या घरी सरबताच्या बाटलीत फिनेल असतं आणि पेनांना फक्त नव्या रिफिली मिळतात. अमेरिकेत नेमबाज गॅरेजमध्ये यंत्र मांडून रिकामी पितळी कवचं पुन्हा भरतात. जुना प्रायमर ठोकून काढायचा, नवा बसवायचा, दारू ग्रेनमध्ये मोजायची, वर गोळी दाबायची. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फुटांतला वेग भागिले हजार, हे किमान १२५ भरलं पाहिजे. नाहीतर स्पर्धेत तुमचे गुणच धरत नाहीत. काटकसर करणाऱ्यानं दारूत काटकसर करू नये, यासाठीच हा नियम असणार.

हे ऐकून आमच्या एकोणसाठ वर्षांच्या काकांचे डोळे चमकले. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात काडतुसांसाठी पितळेचे कप बनतात, खडकीच्या कारखान्यात काडतुसं. म्हणजे माल सगळा मध्य रेल्वेवरचाच, असा त्यांचा हिशेब. सरांनी तीन वाक्यांत तो पुसला. एक, परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं शस्त्र कायद्यानं गुन्हा. दोन, आपल्याकडे पंचवीस मीटरवाले बहुतेक .२२ वापरतात, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये पालेमबांगला ३४-३४ अशी बरोबरी आणि दोन शूट-ऑफनंतर सोनं मारलं तेही त्यातच, आणि .२२ चं ज्वालाग्राही मिश्रण कवचाच्या कडेत असतं, ती कड एकदा चेपली की कवच भंगारात. तीन, "काका, तुम्ही हवेनं मारता."

मग काकांनी सगळी काटकसर छऱ्यांवर वळवली. डब्यात पाचशे छर्रे येतात. काही डब्यांवर ४.४९ लिहिलेलं असतं, काहींवर ४.५०. यातल्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागामुळेच आपले गुण जातात याबद्दल काकांना शंका नाही. काकूंनी त्यांना तांदूळ निवडायचं ताट दिलं होतं. छर्रे शिशाचे असतात आणि हाताळल्यावर हात साबणानं धुवावे लागतात, हे कळल्यावर त्यांनी ताट परत घेतलं आणि काकांना जेवणाच्या टेबलावरूनही उठवलं. आता ते गॅलरीत बसून निवडतात. वाकडा छर्रा निघाला की हाक मारून मला दाखवतात. मला तो सरळच दिसतो, पण माझा चष्मा वीतभर पुढच्या जागेचा.

गेल्या महिन्यात काकांची साठ पूर्ण झाली. क्लबात केक आणला, त्यावर आयसिंगची वर्तुळं काढून घेतली होती आणि सुरीनं बरोबर दहाच्या वर्तुळात पहिला काप गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, आता बघा, सीनियर मास्टरमध्ये आपल्यासमोर आहे कोण. तेवढ्यात सरांनी मोबाइलवर पुढच्या स्पर्धेची यादी उघडली. पुण्याचे एक निवृत्त सुभेदार, सैन्यात नेमबाजी शिकवण्यात हयात गेलेली, त्यांचीही साठी त्याच आठवड्यात झाली होती. काकांनी केक खाली ठेवला आणि विचारलं, "सत्तरीचा वेगळा गट आहे का हो?"